वैद्य बाईंचा खटारा

गाडीच्या मागच्या काचेवर लोक देवाचं नाव लिहितात, मुलांची नावं लिहितात, आईवडिलांचा आशीर्वाद लिहितात. वैद्य बाईंनी ‘खटारा’ एवढंच लिहून घेतलं होतं. पांढऱ्या रंगात, ठळक, फळ्यावर धड्याचं नाव लिहावं तसं, खाली एक रेघ ओढून.

बाईंबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. त्यांच्या साऱ्या आयुष्याची मला माहितीही नाही. मी चिखलीला बी. ए.ला आले तेव्हा त्यांच्या घरामागची एक खोली मला राहायला मिळाली, तिथून पुढचं मी पाहिलं, तेवढंच सांगू शकते. माझं गाव डोणगावच्या पुढं आत आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुरुवातीला मी बोलायचेच नाही. वर्गात ‘मला’ म्हणायचं असे आणि तोंडातून ‘मले’ निघे. मग दिवसभर जीभ चावत बसायचे.

बाईंना असलं काही नव्हतं. घरात त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत आणि फाटकाबाहेर कुणी वाकडं बोललं की क्षणात वऱ्हाडीवर येत. टाकळी नावाच्या गावात त्यांनी उभी नोकरी मराठी शिकवण्यात काढली. देऊळगाव राजाच्या रस्त्यावरून फाटा फुटतो, तिथून आत ते गाव. त्या फाट्याला एसटी थांबली तर थांबायची, म्हणून तरुणपणीच त्यांनी स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. यजमान बँकेत कारकून होते, ते शेवटपर्यंत सायकलवरूनच जात. मी आले तेव्हा ते नव्हते. मुलगा, अनिरुद्धदादा, पुण्यात मोठ्या कंपनीत होता. घरात बाई आणि गाडी.

गाडी चौकोनी होती, एकेकाळी सायीच्या रंगाची. चालकाचा दरवाजा आतून उघडत नसे. बाई काच खाली करत, हात बाहेर काढत आणि बाहेरच्या कडीनं दार उघडून एखाद्या साहेबासारख्या उतरत. उंची कमी, म्हणून सीटवर एक घट्ट उशी. मनगटावर यजमानांचं घड्याळ. चावी फिरवण्याआधी त्या “चला” म्हणत, घरातल्या थोरल्या माणसाला म्हणावं तसं. वळताना दिव्याचं बटण दाबत नसत. पूर्ण हात खांद्यापासून बाहेर काढून दाखवत. “दिवा लागला की नाही ते मला आतून दिसत नाही,” म्हणत, “हात बाहेर आहे ते दिसतं.”

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसले तेव्हा घाबरून म्हटलं, “बाई, काहीतरी वाजतंय.”

“वाजतंय तोवर काळजी नाही,” त्या म्हणाल्या. “आवाज बंद झाला की मला सांग.”

त्या शब्दाचा किस्सा पेट्रोल पंपावरचा. आमच्यामागं नव्या कोऱ्या मोटारसायकलवर एक तरुण उभा होता. त्यानं हॉर्न मारला आणि ओरडला, “ओ बाई, तो खटारा घ्या ना बाजूले!”

बाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला, दार उघडलं, उतरल्या. पंपावरची सगळी माणसं बघायला लागली. मला सीटखाली लपावंसं वाटलं.

“काय म्हटलं तू?”

“काई नाई, बाई. गाडी घ्या म्हटलं.”

“गाडी नाई म्हटलं तू. खटारा म्हटलं. खटारा म्हंजे काय बे?”

“म्हंजे... भंगार. डबडं.”

“कोणी शिकवलं तुले? तुह्या आज्याले विचारजो घरी जाऊन. बैलगाड्यायत दमणी असे मिरवाले, पाव्हण्यायले आणाले. रेंगी असे बायका-पोरायले बाजारात न्याले. आन् खटारा असे वझं वाह्यले. कपाशीच्या गाठी, ज्वारीची पोती, घराचे दगड. जे दमणीत मावे ना, रेंगीले झेपे ना, ते खटाऱ्यात जाये. समजलं का? शिवी द्याची अशीन त दुसरी पाह्य.”

तो तरुण हसला, पण गाडी मागं घेऊन उभा राहिला. बाई शांतपणे पेट्रोल भरून निघाल्या. रस्त्यात मला पुस्तकी मराठीत म्हणाल्या, “वस्तू जुनी झाली की तिचं काम विसरतात आणि आवाज तेवढा लक्षात ठेवतात. शब्दाचंही तेच केलं लोकांनी.”

हा शब्द मुळात आला कुठून, हे मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “कोणी म्हणतं चाकांच्या खटखटीवरून आला, कोणी त्याला थेट संस्कृतातल्या शकटापर्यंत नेतं. मला दोन्हीची खात्री नाही, आणि खात्री नसलेलं मी फळ्यावर लिहीत नाही.” मी कॉलेजच्या ग्रंथालयात जुना शब्दकोश काढून पाहिला. त्यात ओझ्याची मोठी गाडी हाच अर्थ आधी दिला होता. मला फार आनंद झाला. पळत येऊन बाईंना सांगितलं, तर त्यांनी भाजी निवडतानाच मान हलवली. “कोशाला माहीत असणारच. पंपावरच्या त्याला माहीत नव्हतं, हा प्रश्न आहे.”

त्यांना आनंद झाला तो वेगळ्याच ठिकाणी. मार्केट यार्डात सोयाबीन भरायला गुजरातचा एक ट्रक आला होता. बाई तूर विकायला आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटायला तिथं थांबल्या होत्या. तो ट्रकवाला फोनवर कुणाला तरी सांगत होता, त्यात दोनदा ‘खटारो’ आलं. बाई सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“खटारा किस को बोला, भैया?”

तो बिचारा गोंधळला. “अपनी गाडी को, माँजी. हमारे उधर ट्रक को खटारो ही बोलते हैं.”

“नयी हो तो भी?”

“नयी हो तो भी. माल ढोती है ना.”

बाईंनी त्याला यार्डाच्या टपरीवर चहा पाजला. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होत्या, “तिकडे अजून इमान राखलंय शब्दाचं.”

आणि त्यांची गाडी खरंच तशीच वागली होती. एसटी बंद होत्या त्या वर्षी टाकळीच्या दहावीच्या मुलींना परीक्षेच्या केंद्रावर रोज तिनंच नेलं. मुली एकमेकींच्या मांडीवर बसून उजळणी करत. बाळंतिणी नेल्या, साप चावलेला एक गडी नेला, पाण्याच्या मोटारी नेल्या, एकदा तर शाळेचं कपाट टपावर बांधून आणलं. पण गल्लीतल्या एकानं मुलाच्या वरातीसाठी, जुन्या गाड्यांची फॅशन आहे म्हणून, ती फुलं लावायला मागितली तेव्हा बाईंनी नाही म्हटलं. “नवरदेव मिरवायचाय ना? मग दमणी शोधा. कुणाचं दुखलं-खुपलं तर रात्री-बेरात्री या.”

आता मुख्य गोष्ट. बाईंनी मुलाला एक शब्द दिला होता. तो सारखा पुण्याला ये म्हणायचा, म्हणून त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, “ही गाडी रस्त्यावर चालायला नालायक ठरेल त्या दिवशी मी येईन. त्याआधी विषय काढायचा नाही.” पुण्याचं घर वाईट नव्हतं. सून चांगली होती. पण बाई म्हणायच्या, “तिथं मला भाजीला नेतील, देवळात नेतील, बागेत नेतील. मला नेलेलं आवडत नाही. मी नेते.”

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा गाडीच्या पासिंगची मुदत आली. जुन्या गाडीला पुन्हा बुलढाण्याला नेऊन तपासून घ्यावं लागतं. नापास झाली की ती भंगारात. अनिरुद्धदादानं ते हेरलं. जालन्याला लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत; तिकडचा एक भंगार घेणारा त्यानं फोनवरून ठरवला आणि पोळ्याची सुट्टी जोडून तो येणार असं कळवलं. बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “पिशवी भर. टाकळीला जायचंय.”

पोळ्याला त्या दरवर्षीच टाकळीला जात. मी त्या वर्षी पहिल्यांदा गेले. त्यांचा जुना विद्यार्थी सुभाषभाऊ, त्याच्या घरी उतरायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून ताठलेले खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, हळद आणि लोणी पळसाच्या पानानं चोळायचं आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्याही घरी ते होतं, त्यात मला नवल नव्हतं. नवल पुढं होतं. बैलांचं झाल्यावर सुभाषभाऊची बायको तेच पान घेऊन गाडीपाशी आली, बॉनेटच्या दोन्ही कडांना हळद-लोणी चोळलं आणि पदर सावरून म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” कुणी हसलं नाही. बाई बाजूला हात जोडून उभ्या होत्या.

हे सुरू झालं काही वर्षांपूर्वी. एका पेरणीच्या वेळी नाल्याच्या चिखलात ट्रॅक्टर रुतून बसले आणि बियाण्याच्या थैल्या बाईंच्या गाडीनं फेऱ्या मारून गावात आणल्या. त्या पोळ्याला सुभाषभाऊनं गंमत म्हणून गाडी बैलांच्या रांगेत उभी केली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, “नाव विचारा हिचं. बैलाच्या मागं कोण चालतं वर्षभर?” तेव्हापासून रांगेतली शेवटची जागा तिची. आणि एकदा रांगेत उभी राहायची म्हटल्यावर नियमही तोच. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसं त्या दिवशी गाडीची चावी फिरवत नाहीत. तिला हातानं लोटत तोरणापर्यंत नेतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभाषभाऊ आणि टाकळीचे पाच-सहा बाप्ये, सगळे बाईंच्या हाताखाली शिकलेले, गाडी लोटत होते. टपावर भरतकामाची झूल, पुढं झेंडूची माळ, आरशाला घुंगरू. बाई स्टिअरिंगवर, एक हात बाहेर. तेवढ्यात पारापाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. अनिरुद्धदादा उतरला, त्याच्याबरोबर तो जालन्याचा भंगारवाला. बाई चिखलीत सापडल्या नाहीत म्हणून ते इथवर आले होते.

दादानं लोटणारी माणसं पाहिली. “बंद पडली ना? मी काय म्हणत होतो, आई?”

सुभाषभाऊ घाम पुसत म्हणाला, “बंद नाई पडली, दादा. आज सुट्टी हाये तिले.”

“म्हणजे?”

“पोळा हाये ना.”

दादाला ते चेष्टेसारखं वाटलं असावं. तो खिडकीपाशी आला आणि हळू आवाजात बोलला. मी पलीकडच्या दाराशी उभी होते, म्हणून ऐकू आलं.

“आई, लोक हसतात तुला. चिखलीत सगळे हसतात. मला बरं वाटत नाही ते. हे बघ, आपण वाद नको घालूया. एकदा चावी फिरव. चालू झाली तर मी आत्ता परत जातो, पुण्याचा विषय पुन्हा काढत नाही. नाही झाली तर तू शब्द दिलायस.”

आदल्या दिवशी ती गाडी आम्हाला एका दमात घेऊन आली होती. एक चावी फिरवली की संपलं असतं. मी मनात म्हणत होते, फिरवा, बाई.

बाईंनी चावी काढली आणि पदराला बांधली.

“आज नाही.”

“म्हणजे होतच नाही चालू.”

“तसं समज.”

“आई, दोन सेकंदाचं काम आहे!”

“या बैलांना दोन सेकंद जुंपून दाखवा म्हटलं, तर जुंपतील का हे लोक? आजच्या दिवशी हिनं काही सिद्ध करायचं नाही. वर्षभर केलंय.”

दादा वैतागून भंगारवाल्याकडं वळला. “तुम्ही बघून घ्या. आज उचलायची असेल तर आज उचला.”

तो माणूस एवढा वेळ गाडीकडं बघत होता. झूल, माळ, बॉनेटवरची हळद. त्यानं चपला काढल्या.

“भाऊ, गाडी पोळ्यात उभी हाय हे तुम्ही सांगितलं नाही मला.”

“त्यानं काय फरक पडतो? लोखंडच आहे ना?”

“लोखंड कसं? दावणीचं हाय हे. पोळ्याच्या दिवशी कुणाच्या दावणीचं सोडून नेलं तर माझी माय मला घरात घेईन का? आमच्याकडं बी बैलं हायेत.”

त्यानं गाडीच्या पुढच्या भागाला हात लावून तो कपाळाला लावला, सुभाषभाऊच्या घरची पुरणपोळी खाल्ली आणि एका ट्रॅक्टरवर बसून फाट्याकडं निघून गेला. दादा एकटाच पाराच्या कठड्यावर बसून राहिला. तोरणाखाली बैल जमले, झडत्या सुरू झाल्या. त्या म्हणजे पोळ्याचे गमतीचे रचलेले बोल. ज्याला सुचेल त्यानं पुढं होऊन म्हणायचे. सुभाषभाऊ पुढं झाला आणि दादाकडं न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं ओरडला:

“दमणी गेली नटून, रेंगी गेली रुसून,
वझं घ्या म्हटलं त दोघी राह्यल्या बसून;
हासून घ्या गड्याहो, हासाले काय जाते,
अडल्या टायमाले खटाराच येते!
बोला, हर हर महादेव!”

सगळं गाव ओरडलं. बाई सर्वांत मोठ्यानं.

रात्री मायलेकात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी बायकांबरोबर आत झोपले होते. सकाळी उठले तर बाई अंगणात पेंटरला बोलावून मागच्या काचेवर ‘खटारा’ हा शब्द लिहून घेत होत्या. “अजून ठळक,” त्या म्हणत होत्या, “पुण्यापर्यंत दिसलं पाहिजे.” दादा चहाचा कप घेऊन बघत उभा होता.

मग त्यांनी पदराची गाठ सोडली. “चला,” म्हणाल्या. पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिनं सगळं अंगण धुरानं भरून टाकलं आणि वाजायला लागली. बाईंनी बाजूचं दार ढकललं. “बस, अनिरुद्ध. नेते तुला.”

“माझी गाडी आहे ना, आई.”

“ती सुभाष आणून देईल. तू बस.”

तो बसला. मी मागं, मांडीवर टाकळीच्या लोकांनी दिलेलं भलंमोठं कोहळं घेऊन. चिखली आली. नाक्यावर कुणीतरी ओरडलं, “आला रे खटारा!” दादानं चटकन बाईंकडं पाहिलं. बाईंनी हात बाहेर काढला आणि ओरडणाऱ्याला दाखवला, आशीर्वाद द्यावा तसा.

पासिंग एका फेरीत झालं नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या वेळी हँडब्रेकवरून परत पाठवलं. फाट्यावरच्या गॅरेजचे रफीकभाई दोन दिवस गाडीखाली पडून होते. “बाई, इसको अब आराम दो,” ते म्हणाले. “पोळ्याला देते ना,” बाईंचं उत्तर. दुसऱ्या वेळी मीही बुलढाण्याला गेले. तपासणाऱ्या साहेबांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मागं येऊन थांबले.

“हे काय लिहिलंय? नाव आहे का गाडीचं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “हुद्दा आहे.”

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं आणि सही केली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते मी एम. ए.ला संभाजीनगरला निघाले त्या दिवशी. नेमका पोळ्याचा आदला दिवस होता. त्या टाकळीला निघायच्या तयारीत होत्या. मला जालन्याची एसटी पकडायची होती. “चल, सोडते स्टँडवर,” म्हणाल्या, पण मी नको म्हटलं, त्यांना उशीर झाला असता. मी पाया पडायला वाकले. माझ्या एका खांद्यावर पुस्तकांची पिशवी होती. बाईंनी दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा दाबला, चोळल्यासारखा. त्यांच्या हाताला लोणी नव्हतं, गाडीचं ऑईल होतं; ओढणीला डाग पडला.

“आवतन दिलंय,” त्या म्हणाल्या. “जेवायला कधी येतेस ते तू ठरव.”

एसटी गावाबाहेर पडली. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर थोडं पुढं गेल्यावर मागून तो आवाज आला. मी खिडकीला चिकटले. बाईंची गाडी आमच्या बरोबरीला आली, थोडा वेळ तशीच बरोबरीनं वाजत राहिली, मग पुढं निघाली. उशीवर ताठ बसलेल्या बाई, समोर नजर. मी या बसमध्ये आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. आमच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. माझ्या शेजारचे गृहस्थ मोबाईल सावरत खेकसले, “काय खटारा हाये बे! रस्त्यावर सोडतेच कसे असे?”

मी अनोळखी माणसाशी कधी बोलत नाही. त्या दिवशी मात्र मी एवढ्या मोठ्यानं बोलले की पुढच्या सीटवरच्या बाया वळल्या.

“हाव, काका. खटाराच हाये. वाचा ना, लिहेल हाये मागं.”

टाकळीचा फाटा आला. खिडकीतून एक हात खांद्यापासून पूर्ण बाहेर आला, सरळ, न थरथरता. एसटीनं वेग कमी केला आणि गाडी आपल्या वाटेला वळली.